कडेचा ऊस

बीड जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या सांगलीकडची माणसं जरा थांबतात आणि मग विचारतात, "तिकडं कुणाकडं?" सहलीला म्हणून तिकडं कुणी जात नाही. तिकडची माणसं मात्र दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडं येतात, ऊस तोडायला. शिवारात त्यांच्या कोप्या, म्हणजे पाल्याच्या झोपड्या, उभ्या राहतात, पहाटे चुलींचा धूर निघतो, आणि उन्हं तापू लागली की एके दिवशी रान मोकळं होतं. मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं ऊसतोडणीच्या मजुरीवर लेख लिहिण्यात गेली. पण ही माणसं जिथून येतात तिथं माझा पाय कधी पडला नव्हता. आकडे कारखान्यांच्या कचेऱ्यांतून मिळायचे आणि तेवढ्यावर भागायचं.

निवृत्त झाल्यावर हातात वेळ आला, पण स्वस्थता काही आली नाही. सकाळी दोनदा फिरायला जायचो. घरी आलो की पुस्तकांचं कपाट लावायचो आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लावायचो. माझी बायको विजया वैतागून गेली होती. अशात ऑक्टोबरात एक फोन आला.

"पाटणकर, हायस का बे?"

हा आवाज मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला. सर्जेराव. औरंगाबादला एम.ए. करताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तो केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा, घरची शेती मोठी.

"ऐक," तो म्हणाला. "मी ऊसतोडणीचं मशीन घेतलंय. आता दुसरं घ्यायचं म्हंतोय. माणसानं तोडलेला ऊस आन मशीननं तोडलेला, टनाला खर्च किती, याचं टिपण बँकेला पायजे. तज्ज्ञाच्या सहीचं. तुझं ते सूत्र हाय की."

मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की विजयानं वर पाहिलं. तिला त्या सूत्राची गोष्ट माहीत होती. वाचणाऱ्यांनाही ती सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

आमच्या शास्त्रात श्रमाच्या किमतीवरून दोनशे वर्षं भांडणं चालली आहेत. आधीचे लोक म्हणायचे, वस्तूत जितके श्रम ओतले तितकी तिची किंमत. मग गणितवाले आले. ते म्हणाले, ओतलेल्या श्रमांचं सोडा, शेवटचा मजूर घेतल्यानं मालात किती भर पडली ते बघा, मजुरी त्यावर ठरते. गेल्या शतकात परदेशात पुन्हा एक वाद पेटला. काही जणांनी कारखानदारांकडं जाऊन सरळ विचारलं, मजुरी वाढली तर तुम्ही माणसं कमी करता का? बरेच कारखानदार म्हणाले, छे, आम्ही असा हिशोब करतच नाही, आम्ही मागणी किती आहे ते बघतो. झालं. विचारणारे म्हणाले, तुमचं गणित खोटं. गणितवाले म्हणाले, मालक काय बोलतो याला किंमत नाही, तो करतो काय ते बघा. ज्वारी राखणाऱ्याला गोफणीतल्या दगडाच्या वाटेचं समीकरण सांगता येत नाही, म्हणून दगड काही चुकीच्या जागी पडत नाही.

हा वाद मी आणि सर्जेरावनं आमच्या खोलीत आणला. तो विचारणाऱ्यांच्या बाजूचा, मी गणिताच्या. एका दिवाळीच्या सुट्टीत तो गावोगाव हिंडला आणि चाळीस मुकादमांना भेटून आला. मुकादम म्हणजे तोडणीला माणसं गोळा करून नेणारा. प्रश्न एकच होता, दर वाढला तर माणसं कमी न्याल का? सगळे नाही म्हणाले. सर्जेरावनं त्यावर निबंध लिहिला आणि भरल्या वर्गात वाचला. वाचून झाल्यावर मी उठलो आणि म्हणालो, "म्हशीला विचारून दुधाची फॅट कळत नाही."

सगळा वर्ग हसला, प्राध्यापकही हसले. मग मी फळ्यावर माझं समीकरण मांडलं, दर वाढला की माणसं किती कमी नेली जातील ते सांगणारं. हेच ते सूत्र. त्या समीकरणावर पुढं मला पीएच.डी. मिळाली आणि नोकरी लागली. सर्जेराव त्याच महिन्यात खोली सोडून गावी गेला तो परत आलाच नाही. त्याचं पुढं काय झालं हे मी कधी विचारलं नाही.

बीड

संध्याकाळी बीडला उतरलो. बसस्थानकाबाहेर जिकडं बघावं तिकडं भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फलक. सगळ्या फलकांवर हसऱ्या मुलांचे फोटो, खाली रस्त्यावर मात्र पाठीला दप्तरं अडकवलेली मुलं, मान खाली घालून घाईत चाललेली. रिक्षावाल्यानं मला कोर्टाच्या कामाला आलेला पक्षकार समजून न विचारताच एका वकिलांची माहिती दिली. लॉजवर खोली मिळाली. पंखा आवाज करायचा म्हणून ती बदलून घेतली, तर दुसरीत पंखा फिरतच नव्हता. मी काही तक्रार केली नाही. तशीही झोप लागणार नव्हती.

सर्जेराव थेट युसूफ वडगावला ये म्हणत होता. मी म्हणालो, आधी तुझ्या टोळीतलं कुणीतरी भेटव. मशीन यायच्या आधी तोही मुकादमकी करायचा, हे मला फोनवरच कळलं होतं.

"कावून? त्यांना इचारून काय मिळणार हाय तुला?" तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला लागायचं तिथं लागलं. शेवटी त्यानं दिंद्रुडच्या भाऊरावचा नंबर दिला. वर म्हणाला, "मी पाठवलं म्हणून सांगू नको."

सकाळी परळीची बस पकडली. बॅग जागेवर ठेवून खिडकीतून चहावाल्याला हाक मारली, तो दूर होता म्हणून खाली उतरलो, आणि कप तोंडाला लावतो तोवर बस निघून गेली. बॅगेत लॅपटॉप होता, लॅपटॉपमध्ये सूत्र होतं, आणि विजयानं कुणाच्या तरी घरी द्यायला म्हणून दिलेला भडंगाचा मोठा पुडा होता. मी धावलो. या वयात धावणारा माणूस बघून एका जीपवाल्यानं बोलावलं. तिच्यात आधीच अकरा जण होते, मी बारावा झालो. वडवणी गेलं, डोंगर मागं पडले, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, पण माझा डोळा रस्त्यावर पुढं. शेजारच्या आजोबांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "कंडक्टर ठिवतो उतरवून. कुठं जाती? बॅगेला काय पाय हायत?"

तेलगावला चहाच्या टपरीवर बॅग खरोखर माझी वाट बघत होती. टपरीवाल्यानं तिच्यावर फडकं टाकून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

दिंद्रुड

दिंद्रुडला बाजार होता. आमच्याकडं दिवाळीआधीच्या बाजारात आकाशकंदील आणि सुगंधी तेल दिसतं. इथं विकायला होती ती ताडपत्री, पत्र्याच्या पेट्या, ॲल्युमिनियमचे हंडे, पोत्यानं मिरची, आणि लोहाराकडं ओळीनं मांडलेले नवे कोयते. लोक सहा महिन्यांचा संसार एका दुपारी विकत घेत होते. जो तो घाईत, भाव करायलाही कुणी फार थांबत नव्हतं. कुणाचा ट्रक मंगळवारी निघणार होता, कुणाचा लक्ष्मीपूजन झालं की लगेच. मीही उगीचच त्यांच्याबरोबर भराभर चालायला लागलो.

भाऊराव मला घ्यायला आला होता. पन्नाशीचा, उंच, शांत. त्यानं माझी बॅग उजव्या हातात घेतली. डावा हात अंगाशी धरलेला होता. घरी कौसाबाई, त्याची बायको, दारातच उभी होती.

"या सर. बसा. कारखान्याकडून आलाव का?"

"नाही, मी मास्तर आहे. ऊसतोडणीवर थोडंफार लिहितो."

"आता काय लिवता? यंदा आमी घरीच हाव."

तिनं येसर आमटी केली होती, बाजरीची भाकरी, शेंगांचा कूट आणि कांदा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची आमटी दाट आणि रंगाला काळपट होते. आमच्याकडच्या कटाच्या आमटीशी तिचं नातं लागत असावं, पण हिचा तिखटपणा उशिरा येतो आणि लवकर जात नाही. आमच्याकडं पाहुण्याला वाढून घरातले बाजूला बसतात. इथं भाऊराव माझ्याबरोबरच जेवायला बसला आणि कौसाबाई तव्यावरची भाकरी उलटत चुलीपासूनच बोलत राहिली.

मी खिशातून वही काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी तो प्रश्न एका माणसाला विचारत होतो. "दर वाढला तर मुकादम कोयते कमी नेतो का?" तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. आमच्या शास्त्रातही, म्हणजे माझ्या सूत्रातही, श्रमाचं माप तेच होतं.

भाऊराव म्हणाला, "मुकादमाला इचारा."

कौसाबाई म्हणाली, "कोयता म्हंजी काय ते सांगा आदी. तोडायचं कुणी, पाचट काढायचं कुणी, मोळी बांदायची कुणी, ट्रकात चढवायची कुणी? पैल्या वर्सी आमी दोगं मिळून एक कोयता. यांचा खांदा गेल्यापास्नं बी आमी एकच कोयता. मंग कमी झालेलं कुटं गेलं?"

मी भाऊरावकडं बघितलं. तीन वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातच, दिवस उजाडताना ट्रक भरत असताना मोळीसकट तो फळीवरून घसरला होता. डावा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. त्यानं हे सगळं ज्वारी कशी आली हे सांगावं तसं सांगितलं.

"त्याच्या नंतरचे दोन हंगाम ट्रक मीच भरला," कौसाबाई म्हणाली. "डोक्यावर मोळी घिऊन फळीवर चढायची. तुमच्या कागदात हाय का ते?"

"नाही."

"आन वाडं?"

वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणाऱ्याचा तो हक्क समजला जातो. त्याच्या पेंढ्या गुराढोरांसाठी विकल्या जातात आणि टोळीचा रोजचा तेल-मिठाचा खर्च त्यातून निघतो. आमच्या सांगलीत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला वाड्याच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या बायका मी शेकडो वेळा पाहिल्या होत्या. माझ्या सूत्रात वाडं नव्हतं.

"मशीन वाड्याचा भुगा करती," भाऊराव म्हणाला. "वावरवाल्याच्या म्हशीला बी मिळत न्हाई."

मी लिहीत होतो. लिहिता लिहिता एकाएकी वाटलं, उठावं आणि इथून निघावं, कारण टिपण अजून लिहिलंही नव्हतं आणि ते मला खोटं वाटायला लागलं होतं. भडंगाचा पुडा देऊन मी निघालो. कौसाबाईनं एक मूठ तोंडात टाकली, चावून बघितलं आणि म्हणाली, "तिकडं असताना लई खाल्लंय. लसूण कमी हाय यात." सर्जेरावचं नाव मी काढलं नव्हतं. दारातून तीच म्हणाली, "मुकादमाला सांगा, राग न्हाई आमचा. पर एकदा येऊन सांगायचं व्हतं, यंदा नेत न्हाई म्हणून. दसऱ्यापास्नं वाट बघतोय आमी."

युसूफ वडगाव

धारूरच्या घाटात गाडी हळू चालली आणि मला तेही सोसेना. केजला सर्जेराव स्वतः आला होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, डोळे तेच. मिठी वगैरे काही मारली नाही. म्हणाला, "म्हातारा झालास बे," आणि गाडी सुरू केली.

घरापुढं पत्र्याच्या उंच शेडमध्ये मशीन उभं होतं. फोटोत असतं त्याहून ते फार मोठं दिसतं. पुढं दोन मोठे नांगरासारखे दात, मागं उंटाच्या मानेसारखा पट्टा. सर्जेराव त्याच्याभोवती फिरत बोलायचा आणि बोलताना सारखा त्याला हात लावायचा. रात्री जेवण आटोपून त्यानं लॅपटॉप उघडला. डिझेल, ऑपरेटर, सुटे भाग, तासाला किती टन, सगळं तक्त्यात भरलेलं. एका रकान्याच्या माथ्यावर माझं नाव होतं. "तुझा लेख मिळवला मी," तो म्हणाला. "हे तुझंच सूत्र चालवतोय."

सकाळी त्याच्याच रानात मशीनची चाचणी होती, हंगाम सुरू व्हायच्या आधीची. ऑपरेटरनं मला वर शेजारी उभं केलं. ऊस समोरून आडवा होत आत जायचा आणि मागच्या पट्ट्यावरून वीतवीतभर तुकडे होऊन ट्रॉलीत पडायचा. एका माणसाला जी सरी संपवायला सकाळ लागली असती ती काही मिनिटांत संपली. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. मग दुसऱ्या सरीत काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि गरम तेलाची चिळकांडी माझ्या सदऱ्यावर आली. तेलाचा पाइप फुटला होता. भाजलं नाही थोडक्यात. मशीन बंद पडलं. पाइप लातूरहून यायचा होता.

आम्ही बांधावर बसलो. माझ्या अंगावर सर्जेरावचा सदरा होता, दोन मापं मोठा. समोर उभ्या उसात मशीन वळायला जागा हवी म्हणून रानाच्या दोन्ही टोकांचा ऊस आधीच हातानं तोडून ठेवलेला दिसत होता.

"हा कुणी तोडला?" मी विचारलं.

"घरच्या गड्यांनी. कडेचा ऊस हातानंच तोडावा लागतो. मशीनला वळाया जागा पायजे ना."

"हंगामात कोण तोडणार?"

"मिळतील कुणी."

तुझ्या तक्त्यात त्यांचा रकाना नाही, असं मी म्हणालो.  मग मी ते बोललो जे बोलायला खरं म्हणजे आलो होतो. त्या दिवशी वर्गात मी जे केलं ते वाईट होतं, आणि चूकही होतं, असं सांगितलं. शब्द धड जमले नाहीत.

सर्जेरावनं उसाचं एक कांडं सोललं आणि अर्धं मला दिलं. "वाईट व्हतं," तो म्हणाला. "चूक न्हवतं. मी त्या चाळीस जणांना खरं मानलं. मंग सोता मुकादम झालो. दर वाढला तवा मी बी कोयते कमी नेले. तोंडानं न्हाईच म्हणायचो, कुणी इचारलं तर. तूच बरोबर व्हतास. हिशोब करणाराच टिकतो."

पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या भांडणात मी जिंकलो होतो, आणि आता हरलेला माणूस माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडत होता. मला ते सहन होईना.

"मग मशीन हिशोबानं घेतलंस?"

"मंग कशानं घेणार?"

"तुझ्याच तक्त्यात पहिल्या वर्षी मशीन माणसापेक्षा महाग पडतंय. दुसऱ्या वर्षीही. मी काल पाहिलं. मग घेतलंस कशाला?"

त्यानं तोंडातला चोथा थुंकला.

"भाऊराव पडला तवा मी फळीच्या खाली उभा व्हतो," तो म्हणाला. "मीच म्हणलो व्हतो, लवकर भर, ट्रकवाला बोंबलतोय. फळीला दव आलतं. मीच नेलं त्याला दवाखान्यात. दुसऱ्या सकाळी ती बाई मोळी घिऊन त्याच फळीवर चढली. त्याच फळीवर. माझ्याच्यानं बघवंना. पुढचे दोन हंगाम कसे काढले मलाच ठाव. मशीनला खांदा न्हाई बे. म्हणून घेतलं."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

माझ्या सगळ्या समीकरणांत हे कुठंही बसत नव्हतं, आणि चाळीस मुकादमांच्या उत्तरांतही ते आलं नसतं. पण ज्या दोघांचा खांदा आणि पाय वाचावेत म्हणून मशीन आलं ते दोघं दसऱ्यापासून दारात बसून होते, हेही तितकंच खरं होतं. मी ते त्याला सांगितलं. कौसाबाईचा निरोपही सांगितला, तिच्या शब्दांत. तो उठला आणि मशीनकडं निघून गेला.

दुपारभर मी टिपण लिहिलं. दोन पानं झाली. डिझेल लिहिलं, बंद पडण्याचे तास लिहिले, कडेच्या उसाची मजुरी लिहिली, वाड्याचं नुकसान लिहिलं. या भागातल्या तुकड्या-तुकड्यांच्या वावरांत दुसरं मशीन अर्धा वेळ उभं राहील असं शेवटी लिहिलं. हिशोब दोनदा तपासला, आणि दोन्ही वेळा तो तसाच आला. सही केली.

सर्जेरावनं उभ्यानं वाचलं. "बँक हे घेत नसती."

"माहीत आहे."

"म्हंजी तू मला पुन्यांदा पाडलंस."

"या वेळी विचारून पाडलं," मी म्हणालो. तो हसला नाही. कागद चौघडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "उद्या सकाळी निघायचंय तुला. तयार राहा."

पुन्हा दिंद्रुड

मला वाटलं होतं तो मला केजच्या स्टँडवर सोडेल. गाडी केजला थांबली नाही. घाट उतरून आम्ही दिंद्रुडला आलो. सर्जेराव गाडी दूर लावून गल्लीतून चालत गेला.

कौसाबाई ज्वारी पाखडत होती. त्याला बघून सूप खाली ठेवलं नाही. भाऊरावनं खाट पुढं केली, पण सर्जेराव बसला नाही.

"यंदा नेत न्हाई म्हणून सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "उशीर झाला."

"झाला," कौसाबाई म्हणाली.

"कडेचा ऊस तोडाया माणसं पायजेत. इथंच, मांजरेच्या काठाला. लांब जायचं न्हाई. ट्रक भरायचा न्हाई, ट्राली बुटकी असती. एक कोयता धरतो तुमचा."

आता मात्र तिनं सूप खाली ठेवलं.

"कोयता धरू नका. दोन माणसं धरा. रोज येगळा, नाव येगळं."

"बरं."

"आन सारखा रोज नको. यांना कमी लावा, मला जास्त. तोडाया दोगं हाव, पर मोळी मी उचलते."

सर्जेरावनं भाऊरावकडं बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता उठून बाहेर जाईल. भाऊरावनं आपला डावा हात उजव्या हातानं मांडीवर नीट ठेवला.

"खरं हाय तिचं," तो म्हणाला.

"नवऱ्यापेक्षा जास्त असं कुटं ऐकलंय का?" सर्जेराव म्हणाला. "दुसरे गडी काय म्हंतील?"

"त्यांना बी इचारा, मोळी कोण उचलतंय त्यांच्यात."

सर्जेराव अंगणात दोनदा इकडून तिकडं गेला. मग माझ्या हातातली वही ओढून घेतली, परत दिली आणि म्हणाला, "लिही. तुला लिवायची हौस लई हाय." मी पान उघडलं. आधी तिचं नाव लिहिलं, खाली त्याचं, समोर दोन वेगळे आकडे. सर्जेरावनं खाली सही केली. कौसाबाईनं वही घेऊन आपलं नाव बोटानं चाचपून वाचलं, अक्षर लागत नव्हतं तिथं भाऊरावला विचारलं, मग पान फाडून चोळीत ठेवलं. चहा झाला. मला तेलगावपर्यंत सोडून सर्जेराव परत गेला.

मी सांगलीला आलो. दिवाळी झाली. आमच्या मागच्या शिवारात कोप्या उभ्या राहिल्या आणि या वेळी मी तिथं जाऊन कोण कुठलं ते विचारून आलो. सर्जेरावनं दुसऱ्या कुणाचं तरी टिपण बँकेला दिलं आणि दुसरं मशीन घेतलं, हे मला डिसेंबरात कळलं. त्यानंच सांगितलं, काही लपवलं नाही. मला राग आला आणि तो टिकलाही.

जानेवारीत त्याचा पुन्हा फोन आला. अवेळी पाऊस झाला होता, काळ्या रानात दोन्ही मशीनं रुतून उभी होती. मागं बायकांची बोलणी आणि कोयत्यांचा सपसप आवाज ऐकू येत होता. कडेच्या उसासाठी म्हणून ठरलेली माणसं आता आख्खं रान हातानं तोडत होती, आणि आणखी चार बायकांनी आपली नावं वेगळी लिहून घेतली होती.

"दिवसाला किती तोडतात?" मी विचारलं.

"मला कावून इचारतो बे? तिला इचार," तो म्हणाला आणि फोन दिला.

मी माझा प्रश्न पुन्हा विचारला. पलीकडं कौसाबाईला धाप लागली होती.

"सर, मागून बोलू," ती म्हणाली. "ट्राली थांबलीय." आणि तिनं फोन ठेवून दिला.